डोमाभाऊंची खिडकी

सरकारी दवाखान्यात पहिली गाठ डॉक्टरांशी पडते असं ज्यांना वाटतं, ते लोक सरकारी दवाखान्यात कधी गेलेलेच नसतात. पहिली गाठ पडते केसपेपरच्या खिडकीशी. तिथला माणूस वसकन अंगावर आला की खेड्यातली म्हातारी तिथूनच माघारी फिरते आणि गावच्या पुजाऱ्याकडून झाडफूक करून घेते. मग तिचं काय व्हायचं ते होतं.

आमच्या तालुक्याच्या दवाखान्यात त्या खिडकीत डोमाजी बसायचे. सारा तालुका त्यांना डोमाभाऊ म्हणायचा. गडचिरोली जिल्हा तेव्हा नवा नवा झाला होता, आणि मी कनिष्ठ लिपिक म्हणून चंद्रपूरकडून तिथं आले होते. डोमाभाऊंच्या मागं, त्याच खोलीत माझं टेबल होतं. त्यामुळं तीन वर्षं मी त्यांची पाठ पाहिली. त्यांचं तोंड पाहायचं ते खिडकीबाहेरच्या लोकांनी.

पाठही पाहण्यासारखी होती म्हणा. पांढरा सदरा, पण कसा! तांब्यात निखारे भरून स्वतः इस्त्री केलेला, घडीची रेघ नेमकी पाठीच्या मधोमध. खाली रुंद पायघोळ पायजमा. खिशाला दोन पेन. निळं पेन केसपेपर लिहायला, लाल पेन कशाला, ते पुढं सांगते. उंच स्टुलावर ते बसत आणि हाताच्या अंतरावर सगळा संसार मांडून ठेवत. पाण्याचा गडू, फॉर्मची पत्र्याची पेटी, रजिस्टरं. शिवाय कोपऱ्यात एक बांबूची काठी, टोकाला तारेचा आकडा. कपाटावरचं रजिस्टर हवं असलं की बसल्या जागेवरून ते काठीनं ओढायचे. आकडा पोचला नाही की म्हणायचे, "बाई, तेवढं लाल रजिस्टर देता का?"

पहिल्या महिन्यात मला याचा भयंकर राग यायचा. माझा राग आधीच नाकावर. मी आपली उठून रजिस्टर देते आहे, आणि हा माणूस स्टुलावरून हलत नाही. मी येण्याच्या आधी आलेला, मी गेल्यावरही बसलेला. एकदा मी म्हटलंच, "काहो डोमाभाऊ, स्टुलाला खिळे ठोकून बसवलं का तुम्हाला?"

ते वळले नाहीत. नुसते हसले आणि म्हणाले, "असंच काईतरी समजा, बाई."

आळशी माणूस, असं मी मनात पक्कं करून टाकलं. माझं हे असंच. मत आधी, चौकशी मागून.

पण आळशी माणूस म्हणावं तर त्यांचं काम पाहून मीच बुचकळ्यात पडायची. आलेल्याला त्यांनी "उद्या ये" म्हटलेलं मी कधी ऐकलं नाही. केसपेपर लिहिता लिहिता ते माणसाची सगळी हकीकत काढून घेत. घरात कोण आहे, शेत किती, पोरं पाहतात का, डोळ्याला दिसतं का. बाहेरची रांग कुरकुरायला लागली की तिलाही दोन गोष्टी सुनावत. आणि मग तीन बोटं वर करत. ती तीन बोटं म्हणजे सरकारची तीन दारं.

"हे पाहा माय," ते सांगत, "सरकारच्या घराले तीन दरवाजे आहेत. एक म्हाताऱ्यायचा, एक अपंगायचा, एक गरिबायचा. एक बंद दिसला म्हून घरी नाई जाचं. दुसरा ठोकाचा."

आज हे ऐकायला सोपं वाटतं. तेव्हा कोणाला काय ठाऊक होतं? निराधार योजना आली होती, पण ती कोणासाठी, हे कागदावर. गरिबीचा दाखला आणला तर जिल्ह्याच्या दवाखान्यात ऑपरेशन फुकट होतं, एक्स-रे फुकट होतो, हेही कागदावर. अपंगाचा दाखला असला की एस.टी.चं तिकीट कमी लागतं, आणि पासष्ट झाले नसले तरी निराधारमध्ये नाव घालता येतं, हे तर आमच्या ऑफिसातल्या निम्म्या लोकांनाही माहीत नव्हतं. आलेलं प्रत्येक परिपत्रक डोमाभाऊ चौथी शिकलेल्या माणसाच्या सावकाशीनं, ओठ हलवत वाचत. आम्ही बी.ए. झालेले लोक सही करून ते फायलीत ढकलत असू.

आणि लाल पेन. येणारे बहुतेक अंगठेबहाद्दर. त्यांना चिठ्ठी लिहून काय उपयोग? म्हणून डोमाभाऊ केसपेपरच्या पाठीवर चित्र काढून देत. चिंचेचं झाड म्हणजे तहसील, कारण तहसिलीपुढं मोठी चिंच होती. डोळा म्हणजे डोळ्याचं शिबिर. शेजारी तीन टोपल्या म्हणजे तीन बाजार झाल्यावर, तिसऱ्या बुधवारी यायचं. चित्रं अगदी बेतास बात. त्यांचा डोळा मासोळीसारखा दिसायचा. एक म्हातारा खरोखर बाजारातून मासोळ्या घेऊन आला होता. डोमाभाऊंनी त्या परत केल्या आणि पुढच्या कागदावर डोळ्याला भुवई काढली.

सगळ्यात अवघड काम वयाचं. निराधारला पुरुषाला पासष्ट, बाईला साठ वर्षं पुरी लागत. जन्माचा दाखला कोणाकडं असणार? मग दवाखान्यातून वयाचा दाखला घ्यायचा. "बाबा, वय किती?" म्हटलं की दात नसलेला म्हातारा निवांत सांगायचा, "असन वीस-पंचवीस." आमचे डॉक्टर पुण्याकडचे, तरुण. त्यांना वाटायचं, म्हातारा चेष्टा करतो आहे.

माझ्या समोरची गोष्ट. जंगलातल्या गावाहून एक गोंड म्हातारा आला होता. जोहार करून खिडकीशी उभा राहिला. डॉक्टर तेव्हा दाखल्यांवर सह्या करायला आमच्याच खोलीत आले होते. डोमाभाऊंनी विचारलं, "बाबा, बांबूले फूल कितीदा पाहालं?"

म्हाताऱ्याचे डोळे एकदम जागे झाले. "दोनदा."

"आत्ताचं हे एक. पयल्या खेपेले केवढा होता तू?"

"लगन झाल्तं ना. थोरली पोरगी पाठीशी बांधली होती अन् बांबूचा तांदूर झाडून राह्यलो होतो. उंदरं बी लय झाल्ते त्या साली."

"थोरलीच्या आधी कोनी?"

"एक पोरगं झालं, ते गेलं."

डोमाभाऊ डॉक्टरांकडं वळून म्हणाले, "लग्न वीसचं धरा साहेब. एक पोरगं गेलं, मंग पोरगी, चालती झाली नाई. पंचवीस झाले. पयलं फूल येऊन चाळीसच्या वर गेले. पासष्ट पुरे झाले. लिहा."

आमच्या भागात बांबू चाळीसेक वर्षांनी एकदा फुलतो, त्याला तांदळासारखं बी येतं आणि मग तो वाळून जातो. ते साल कोणी विसरत नाही. मी आले त्याच्या आदल्या साली तो फुलून गेला होता. आमच्या बौद्ध वस्त्यांतली माणसं आली की डोमाभाऊ दुसरी खूण विचारत, "दीक्षेच्या साली चंद्रपूरले गेलती का माय? कडेवर कोन होतं?" माणसाच्या अंगावरून वय सांगता येतं असं डॉक्टरांना वाटायचं. डोमाभाऊ म्हणायचे, "अंग खोटं बोलते साहेब. धानाच्या बांधीत वाकलेल्या बाईचं अंग चाळिसातच साठीचं दिसते."

डॉक्टर आधी हसले. मग सहा महिन्यांनी असं झालं की डोमाभाऊंनी सांगितलेला आकडा ते मान वर न करता लिहू लागले. कारण एकच. हा माणूस एक वर्षसुद्धा वाढवून सांगत नव्हता. सख्ख्या चुलत भावासाठीसुद्धा नाही. तो दौलत, डोमाभाऊंबरोबर वाढलेला, फॉर्म घेऊन मोठ्या तोऱ्यात आला. डोमाभाऊंनी हिशेब केला आणि म्हणाले, "दोन साल कमी आहेत, दौलत." दौलतनं खिडकीवर आपटून हात मोडून घ्यायचाच बाकी ठेवला. भावकीत बोलणं बंद झालं, पोरीच्या लग्नाचं बोलावणं आलं नाही. डोमाभाऊ रोज खिडकीत बसत होते, तसेच बसले. दोन वर्षं पुरी झाली त्या बुधवारी त्यांनी स्वतः फॉर्म भरला, चिंचेचं झाड काढलं आणि एका पोस्टमनबरोबर दौलतच्या घरी पाठवून दिला.

मी म्हटलं, "कशाला? त्यानं तर तुम्हाला वाळीत टाकलं."

"त्याचे पासष्ट झाले ना, बाई," ते म्हणाले. त्यांच्या दृष्टीनं विषय संपला होता.

आता सायत्राबाईची गोष्ट सांगितली पाहिजे, कारण पुढं ती पुन्हा यायची आहे. सायत्राबाई एकटी विधवा, साठी ओलांडलेली, डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पुरा पिकलेला. मोहाची फुलं, डिंक, सरपण, जे मिळेल ते वेचून खायची. तिच्या फॉर्ममध्ये खोट काढायला जागा नव्हती. डोमाभाऊंनी वय काढलं, दाखले जमवून दिले आणि तहसिलीतल्या कमिटीपुढं तिला पाठवलं.

दुपारी ती परत आली ती डोळ्याला पदर लावूनच. खिडकीशी आली आणि मी पाहतच राहिले. अंगावर नवंकोरं हिरवं लुगडं, हातात चांदीची जाड कडी, गळ्यात सरी, केसाला तेल. साहेबांपुढं जायचं म्हणून अख्ख्या मोहल्ल्यानं तिला सजवून पाठवलं होतं! लुगडं पाटलाच्या सुनेचं, कडी शेजारणीची, सरी आणखी कोणाची. कमिटीतल्या कोणीतरी तिला खालून वर पाहिलं आणि म्हटलं, "ही निराधार? मग आम्ही कोण?" सगळे हसले आणि तिचं नाव खोडलं.

"सायबापुढं फाटक्यानं कसं जावं, बापू?" ती रडत म्हणाली. "त्यायचा मान हाय ना."

तीन वर्षांत मी डोमाभाऊंना फक्त त्या दिवशी ओरडताना ऐकलं. "मान? कोनाचा मान? तुह्या पोटाचा मान नाई का?" मग आवाज बसला. "चुकलं माय. मीच सांगाले पाहिजे होतं. मले वाटलं, तुले समजते."

ही चूक एकट्या सायत्राबाईची नव्हती. चौकशी केली तेव्हा कळलं, नामंजूर झालेल्यांत कितीतरी जण असेच उसन्या कपड्यात गेले होते. आपल्या लोकांना गरीब असणं चालतं, पण परक्या माणसापुढं गरीब दिसणं म्हणजे त्याच्या दारात जाऊन त्याचा अपमान केल्यासारखं वाटतं. त्या दिवसापासून डोमाभाऊंनी एक वाक्य धरलं. प्रत्येक फॉर्मबरोबर ते वाक्य जायचं. "सायबापुढं जसे आहात तसे या." रांगेतली पोरंटोरंही त्यांची नक्कल करायची. सायत्राबाई पुढच्या बैठकीला आपल्याच ठिगळाच्या लुगड्यात गेली आणि तिचं नाव लागलं. गरिबीच्या दाखल्यावर डोळ्याचं ऑपरेशनही फुकटात झालं. उजवा डोळा चांगलाच होता, डावाही बराचसा उघडला. त्यानंतर दर बुधवारी बाजाराला आली की ती खिडकीशी येऊन डोमाभाऊंना नुसती पाहून जायची. "दिसून राह्यला का नीट, ते पाहाले आली," म्हणायची.

आता माझी फजिती. त्या साली दिवाळीला मी भावाकडं ऊर्जानगरला, वीज केंद्राच्या वसाहतीत गेले होते. परत येताना त्याच्या केंद्राच्या बसनं पहाटेच मला चंद्रपूरच्या स्टँडवर सोडलं, पहिली एस.टी. मिळाली आणि ऑफिस उघडायच्या तासभर आधी मी दवाखान्यात पोचले. मागच्या बाजूला सागाच्या झाडांतून एक पायवाट होती. त्या वाटेनं डोमाभाऊ येत होते.

डावा पाय काठीइतका बारीक. पायजम्याच्या रुंद पायघोळात तो एरवी कुठं दिसणार? प्रत्येक पावलाला ते डाव्या हातानं मांडी दाबत, गुडघा मागं ढकलत, मग पाय पुढं पडे. दाबायचं, ढकलायचं, टाकायचं. त्यांनी मला पाहिलं आणि जागच्या जागी थांबले.

मला स्टुल आठवलं, काठीचा आकडा आठवला, आणि "खिळे ठोकले का" हे माझं बोलणं आठवलं. लाज वाटली म्हणजे काय, जमीन दुभंगावी असं वाटलं. आणि लाज वाटली की माझं तोंड जास्त चालतं. मी म्हणाले, "अहो डोमाभाऊ, हे काय! तालुक्याला अपंगाचे दाखले वाटता, आणि स्वतःचा? तुम्ही वीस-बावीस वर्षं रोजंदारीवर सडताय. अपंगांसाठी राखीव जागा असतात, हे परिपत्रक तुम्हीच मला वाचून दाखवलंत! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच!"

ते मांडी दाबत पुढं निघून गेले. आठ दिवस ते माझ्याशी फक्त "रजिस्टर, बाई" एवढंच बोलले. नवव्या दिवशी खिडकी बंद झाल्यावर, पाठमोरेच म्हणाले, "लहानपनी ताप आला अन् पाय गेला. गावात मले कोनी डोमा म्हने नाई. लंगड्या म्हने. मायबी रागात म्हने. इथी आलो, या खिडकीत बसलो, तं लोक डोमाभाऊ म्हनाले लागले. या खिडकीतून मी पुरा दिसतो, बाई. तेवढं राहू द्या."

मी तेवढं राहू दिलं. मात्र रजिस्टर मागायच्या आत उठून द्यायला लागले.

आणखी दीड-दोन वर्षं अशीच गेली. मग वरून आदेश आला. केसपेपरसाठी कायम पद मंजूर झालं होतं, नवा माणूस नेमला होता, रोजंदारीवरचा माणूस महिनाअखेर बंद. त्यात कोणाचं वाईट करायचं असं काही नव्हतं. कागद वरून आला तेव्हा वर कोणाला माहीत होतं, की खिडकीत कोण बसतं? डोमाभाऊंना पेन्शन नाही, फंड नाही, शेत नाही. बायको दम्यानं बेजार. एकुलती मुलगी गडचांदूरकडं दिलेली, तिचा नवरा खाणीत मजूर. शिवाय इतकी वर्षं सगळा भार उचललेला उजवा गुडघाही आता बोलायला लागला होता. या माणसानं उद्या खायचं काय, हा सरळ प्रश्न होता.

मी डॉक्टरांकडं गेले. ते म्हणाले, "वयाचा दाखला देतो ना. पासष्ट लिहा, मी सही करतो. दिसतातही पासष्टचे." डोमाभाऊंचं शाळेतलं रजिस्टर वाळवीनं खाल्लेलं. तपासणार कोण? मी दाखला लिहिला, सही-शिक्का घेतला, निराधारचा फॉर्मही भरला आणि अभिमानानं त्यांच्यापुढं ठेवला. तालुक्याभरच्या लोकांचं यांनी केलं, आपण यांचं केलं, असं मला वाटत होतं.

त्यांनी दाखला ओठ हलवत वाचला. मग म्हणाले, "बांबूच्या पयल्या फुलाच्या साली माही मिसरूड फुटत होती. मायनं त्या तांदळाचा भात केल्ता, मले आठवते. अठराचा होतो. त्याले झाले त्रेचाळीस." बोटं मिटली. "एकसष्ट. चार साल कमी आहेत, बाई."

"डोमाभाऊ, कोण पाहतं?"

"दौलत पाहीन ना."

"डॉक्टरांनी सही केली आहे!"

"साहेब माह्या सांगन्यावर सही करतात. मी नाई सांगितलं हे." त्यांनी दाखल्याची नीट घडी घातली आणि माझ्यासमोर सरकवली. "मी एक साल वाढोलं, तं मागचे सारे दाखले खोटे होतात. त्या गोंड बाबाचा बी, सायत्राबाईचा बी."

माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "मग मरा उपाशी! बायकोलाही मारा! तीन दारं आहेत म्हणून लोकांना बोटं दाखवता ना? एक बंद आहे, कबूल. दुसरं उघडं आहे. त्या दाराला वय लागत नाही. येत्या बुधवारी जिल्ह्याचे डॉक्टर अपंगांना तपासायला येताहेत. पण तुम्ही कसे याल? तुम्हाला लोकांनी पुरं पाहायला पाहिजे!"

मी दाराशी गेले, आणि तिथून त्यांचंच वाक्य त्यांना दिलं. "साहेबापुढं जसे आहात तसे या, डोमाभाऊ."

बोलून गेले आणि घरी जाऊन रडले. असं बोलायला नको होतं, असं वाटलं. मग वाटलं, नको कशाला होतं?

महिना संपला. नवा लिपिक अजून हजर झाला नव्हता, म्हणून खिडकीत मी बसले. उंच स्टुलावरून बाहेर पाहिलं की दिसायचं, लांबलचक व्हरांडा, भिंतीला टेकून रांग, टोकाला तपासणीची खोली. मंगळवार गेला. बुधवार उजाडला. बाजाराचा दिवस, त्यात तपासणी, रांग फाटकापर्यंत गेलेली. दहा वाजले, अकरा वाजले, डोमाभाऊंचा पत्ता नाही. मागच्या पायवाटेकडं माझं सारखं लक्ष होतं. ते आले तर तिकडूनच येतील, कोणी नसताना तपासणीच्या खोलीत शिरतील, असा माझा अंदाज होता.

ते समोरच्या फाटकातून आले.

सदरा तोच, पांढरा, तांब्याच्या इस्त्रीचा. पण पायघोळ पायजमा नव्हता. धानात काम करणारे लोक नेसतात तसं आखूड धोतर, गुडघ्याच्या वर. बारीक डावा पाय पुरा उघडा. हात मांडीवर. दाबायचं, ढकलायचं, टाकायचं. रांगेतलं बोलणं एकेक करून थांबत गेलं. एक पोर बोट दाखवून काहीतरी बोललं, त्याच्या आईनं त्याचं बोट मुठीत धरलं. डोमाभाऊंची मान खाली होती. त्यांचे कान लाल झालेले मला खिडकीतून दिसत होते.

तेवढ्यात रांगेतून सायत्राबाई पुढं आली. नेहमीसारखी बाजाराला आलेली, डोक्यावर टोपली.

"काय पाहून राह्यले रे सारे?" ती रांगेवर खेकसली. "आज नवीन काय आहे?"

डोमाभाऊंनी मान वर केली. "माय, तुले ठाऊक होतं?"

"मी तं अर्धी आंधळी होती, तवाच ठाऊक होतं. मागच्या वाटेनं तुहा पाय वाजे ना, एक जोरानं, एक हळू. बाकीच्यायले दोन-दोन डोळे होते, त्यायनं पाहालंच असन." तिनं रांगेकडं पाहिलं. कोणी नाही म्हटलं नाही. दोन-तीन म्हाताऱ्यांनी मान डोलावली. "तुले दाखवाचं नव्हतं, बापू. म्हून आमी पाहात नव्हतो."

डोमाभाऊंनी रांगेकडं पाहिलं, मग तिच्याकडं. "मंग मी इतके साल लपून काऊन राह्यलो?"

"ते तुले ठाऊक," सायत्राबाई म्हणाली आणि हसली. "जा, नंबर लाव."

लोक त्यांना पुढं सरकवायला लागले. ते सरकले नाहीत. फाटकाशी, शेवटच्या माणसाच्या मागं जाऊन उभे राहिले. तासाभरानं त्यांचा नंबर आला. खिडकीत मी, बाहेर ते. त्यांचं तोंड इतक्या जवळून, समोरून मी पहिल्यांदाच पाहत होते.

"नाव?" मी विचारलं. नियम म्हणजे नियम.

त्यांनी पुरं नाव सांगितलं.

"वय?"

"एकसष्ट. लिहा, बाई. एक बी जास्त नको."

पुढचा रकाना लिहायला माझा हात धजेना. पेन तसंच कागदावर टेकलेलं. त्यांनीच खिडकीच्या गजातून बोट आत घातलं, त्या रकान्यावर ठेवलं आणि म्हणाले, "डावा पाय. लहानपनापासून. लिहा."

मी लिहिलं. त्यांनी कागद वाचला, ओठ हलवत, आणि घडी करून सदऱ्याच्या खिशात, लाल पेनाच्या मागं ठेवला.

दाखला मिळाला, पुढं कमिटीनं नावही मंजूर केलं, आणि दम्याची औषधं गरिबीच्या दाखल्यावर चालू राहिली. त्यानंतर वर्षभरात माझी बदली झाली, आणि मग ते किती वर्षं जगले, मला माहीत नाही. मला त्यांचं आठवतं ते एवढंच. खिडकीपासून तपासणीच्या खोलीपर्यंत तो लांबलचक व्हरांडा, दोन्ही बाजूंना माणसं, आणि मधून डोमाभाऊ मांडीवर हात ठेवून चाललेले. कोणी जय भीम म्हणत होतं, कोणी जोहार करत होतं, कोणी रामराम. प्रत्येकाला उत्तर द्यायला ते थांबत होते, हात मांडीवरून काढून वर करत होते, आणि पुन्हा मांडीवर ठेवत होते. त्यांना खोलीपर्यंत पोचायला खूप वेळ लागला. मी स्टुलावर उभी राहिले आणि गजाला तोंड लावून शेवटपर्यंत पाहिलं. त्या खिडकीतून ते पहिल्यांदाच पुरे दिसत होते.